समोरच्या दारावरची पाटी

बल्गेरियात, सोफियाला लेकीकडे राहत होतो, तेव्हा दुपारी जिन्यातलं ऊन समोरच्या दारावरच्या पितळी पाटीवर येऊन बसायचं. 'स्टोयानोवा'. त्या दारामागच्या म्हाताऱ्या बाई एकदा आमच्याकडे कॉफीला आल्या. मी सहज त्यांच्या आडनावाचा अर्थ विचारला. लेक दोघांचं बोलणं इकडून तिकडे पोचवत होती.

"स्टोयानच्या घरातली, एवढंच," बाई म्हणाल्या. "स्टोयान आमचा खापरपणजा. त्याच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली. म्हणून याला ते नाव दिलं. म्हणजे थांब. जाऊ नकोस."

खिडकीतून लिंडनच्या फुलांचा गोडसर वास येत होता. मला पाळण्यावर वाकलेली स्टोयानची आई दिसायला लागली. तिचं स्वतःचं नाव आता कुणालाच ठाऊक नाही. तिची विनवणी मात्र अजून दारावर आहे, शाळेच्या हजेरीत आहे, विजेच्या बिलावर आहे. पोस्टमन रोज ती वाचतो आणि पुढच्या दाराकडे वळतो. इतकं हळवं काही असं राजरोस उन्हात लटकत असतं, आणि आपण त्याला आडनाव म्हणतो.

"तुमच्या वडिलांचं नाव काय?" बाईंनी विचारलं.

"धोंडू."

लेकीने हसत हसत त्याचा अर्थ सांगितला, दगड. हे नाव ऐकून लोक हसतात, याची मला लहानपणापासून सवय आहे.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला, माझ्या हातावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "त्यांच्या आधीची किती गेली होती?"