माळावरची पंगत

गिधाडांवर आमच्या थोरल्या साडूंइतका जीव लावणारा दुसरा प्राणी या पृथ्वीतलावर नसेल. असलाच तर तो स्वतः गिधाड असेल, आणि त्यालाही स्वतःबद्दल एवढी माहिती नसेल. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आक्कांचे, हे यजमान. वरकुट्याला बारा एकर बागायत, त्यात निम्मा ऊस, निम्मं डाळिंब. गावात सगळे त्यांना आबा म्हणतात, म्हणून मीही आबाच म्हणतो. मी बारामतीला एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर आहे. माझं आयुष्य नटबोल्ट मोजण्यात गेलं आणि आबांचं आकाशाकडे बघण्यात. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी आम्हा दोघांत बोलायला विषय असा एकच उरतो, आणि तो माझा नसतो.

हे सगळं सुरू झालं त्यांच्या म्हाताऱ्या बैलावरून. बैल मेला तेव्हा पूर्वीच्या रिवाजाप्रमाणे त्याला गावाबाहेरच्या माळावर नेऊन टाकला. आबांच्या लहानपणी माळावर जनावर पडलं की तासाभरात गिधाडांची पंगत बसायची आणि संध्याकाळपर्यंत फक्त हाडं उरायची. या वेळी आठ दिवस झाले तरी पंगतीला कोणी आलं नाही. आली ती कुत्री, आणि वास आला तो थेट सरपंचांच्या ओसरीपर्यंत. सरपंचांनी आबांना बोलावून घेतलं. आबांनी त्यांना उलट विचारलं, "ते ऱ्हाऊ द्या, गिधाडं कुठं गेली?" सरपंचांना वाटलं, ही विरोधी पार्टीची चाल आहे. आबा मात्र खरोखरच शोधाला लागले. पुण्याच्या पक्षीवाल्यांना गाठून त्यांनी उत्तर मिळवलं, की गुरांना दुखण्यावर टोचतात ते डायक्लोफेनॅक नावाचं औषध मेलेल्या जनावराच्या अंगात उरतं, आणि ते मांस खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं बंद पडतात. सरकारनं ते गुरांसाठी बंद केलंय, पण तोवर आभाळ रिकामं झालेलं. त्यात हल्ली मेलेलं जनावर जेसीबीनं खड्ड्यात पुरायची पद्धत पडलेली. म्हणजे विषातून वाचलेल्यांनी उपासानं मरायचं.

त्या दिवसापासून इंदापूर तालुक्यात कुणाची गाय गेली, म्हैस गेली, की आबांची मोटारसायकल त्या दारात उभी. माणसांच्या मयतीला ते कधी वेळेवर पोचले नाहीत, पण जनावराच्या मयतीला त्यांना उशीर म्हणून ठाऊक नाही. गेल्यावर डोक्यावरची टोपी काढायची, दोन मिनिटं गप्प बसायचं, घरच्या बाईकडे बघून "दूध किती व्हतं?" असं हळू आवाजात विचारायचं, आणि मग मुद्द्यावर यायचं: "शेवटचं इंजेक्शन कुठलं दिलं व्हतं?" पहिल्या वर्षी लोकांना ते विमा कंपनीचे वाटले. एका घरी तर मालकानं त्यांना गायीच्या कानातला बिल्ला काढून दिला, चहा पाजला आणि म्हणाला, "साहेब, जरा लवकर मंजूर करा." आबांनी त्याला तासभर गिधाडाच्या पचनशक्तीबद्दल सांगितलं. मालक शेवटी वैतागून म्हणाला, "आवो, पण चेक कधी निघंल?"

जेवताना तर त्यांना बोलू देऊच नये. आमच्याकडे ते जेवायला असले की मटण उरतं. पांढऱ्या रश्श्याची पहिली वाटी संपायच्या आत ते गिधाड मेलेल्या जनावराला कुठून सुरुवात करतं हे सांगतात, आणि उरलेलं अंगातल्या अंगात कसं जिरवतं हे सांगेपर्यंत माझी बायको माझं ताट उचलून नेते. लग्नकार्यातही तीच तऱ्हा. माझ्या मुलीच्या लग्नात ऐन अक्षता पडत असताना आबांनी मान वर केली. शेजारच्यानं त्यांचं बघून वर बघितलं, त्याच्या शेजारच्यानं त्याचं, आणि दोन मिनिटांत अख्खा मांडव मंडपाच्या फटीतून आकाश न्याहाळत होता. भटजीसुद्धा. आबा म्हणाले, "घार हाय," आणि लग्न पुढं चालू झालं. अल्बममध्ये नवरानवरी सोडून सगळ्यांच्या फक्त हनुवट्या आल्यात.

बरं, टिंगल करावी तर ते चिडतही नाहीत. ग्रामसभेत त्यांनी मागणी केली की माळाचा एक कोपरा मेलेल्या जनावरांसाठी राखून ठेवा, आणि बंदी असलेलं औषध दिलं नसेल तरच तिथं जनावर आणा. मागून कोणीतरी म्हणालं, "आबा, आमी एखाद्याला शिवी घालायची झाली तर गिधाड म्हणतो." आबा शांतपणे म्हणाले, "गिधाड पोट भरलं की उठतं. या सभेत तसं उठल्यालं माणूस मला दाखवा, मग घाला शिवी." कोपरा मंजूर झाला. त्यात पटण्याचा भाग किती आणि विषय बदलण्याची घाई किती, हे मला सांगता येणार नाही.

मी या कामात त्यांचा बिनपगारी मदतनीस. दुर्बीण धरायची, पाण्याची बाटली धरायची आणि गप्प बसायचं. एकदा त्यांनी मला एकट्याला माळावर बसवलं. लांब बाभळीवर मला पांढरं काहीतरी हललेलं दिसलं. मी श्वास रोखून पाऊण तास पोटावर सरकत गेलो. जवळ गेल्यावर ते युरियाचं फाटकं पोतं निघालं. आबांना सांगितलं तर ते म्हणाले, "सरकायचा सराव तरी झाला." त्या सरावातून माझ्या पाठीचा मणका सरकला तो आजतागायत जागेवर आलेला नाही.

पण तीन वर्षांपूर्वी खरोखरच एक जोडी आली. पांढरी गिधाडं, पंखांच्या कडा काळ्या, तोंड हळद लावल्यासारखं पिवळं, आणि चाल अशी की मुका मार लागलेला पाटील चालतोय. माळाच्या कडेला विजेच्या मोठ्या लाइनीचा टॉवर आहे, त्याच्यावर त्यांनी काटक्याचिंध्यांचं घरटं केलं. पहिली दोन वर्षं काही निभावलं नाही. यंदा एक पिल्लू जगलं, काळपट, कायम चिडलेल्या चेहऱ्याचं. ज्या दिवशी ते उडालं त्या दिवशी आबांनी गावात पेढे वाटले. लोकांनी विचारलं, "काय झालं? नातू का?" तर म्हणाले, "तसंच धरा."

आणि त्याच वैशाखात आक्कांची खिलार गाय बसली.

ही गाय आक्कांनी बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. तिचं नाव राणी, आणि घरातला तिचा हुद्दाही तोच. अठरा वर्षांची होऊन तिच्या मागच्या पायांनी दगा दिला. डॉक्टरांनी गिधाडांना चालतं तेच औषध दिलं, आबांनी बाटली तीन वेळा वाचून बघितली, पण गायीचं कण्हणं काही थांबेना. तशात पुण्याला पक्षीवाल्यांची दोन दिवसांची बैठक होती. आबांचा पाय निघत नव्हता, पण त्यांच्या माळाचीच माहिती त्यांनी तिथं सांगायची होती. ते गेले, आणि दुपारी आक्कांचा मला फोन आला.

"पाव्हणं, गाय लई तळमळतीया. तुमच्या पाठीला ज्या इंजेक्शननं उतार पडला, ते हाय का अजून?"

होतं. डॉक्टरांनी मला दहा टोचून घ्यायला सांगितली होती. दोन टोचल्यावर माझं धैर्य संपलं आणि आठ फ्रीजमध्ये बटाट्यांशेजारी पडून होती. मी विचारलं, "आबांना चालेल का?" आक्का म्हणाल्या, "त्यांनी बंद केलंय ते जनावराचं औषध. हे माणसाचं हाय." मला हे इतकं पटलं की मी अर्ध्या तासात मोटारसायकलला किक मारली. गावात जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले एक ड्रेसर आहेत, त्यांनी आठही टोचली. गाय शांत झाली. आक्कांच्या मांडीवर मान टाकून तासभर रवंथ करत बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा बैठक अर्धी सोडून परत आले आणि त्यांच्या समोरच तिनं मान टाकली.

आता सगळा गाव आबांकडे बघत होता. दहा वर्षं साऱ्या तालुक्याला यांनी सांगितलं की जनावर पुरू नका, माळावर द्या. पारावर पैजा लागल्या होत्या. आक्कांना गाय घरामागच्या लिंबाखाली पुरायची होती. आबा तिच्या उशाशी टोपी काढून बसले, आणि या वेळी त्यांची दोन मिनिटं काही केल्या संपेनात. शेवटी त्यांनी आक्कांना एवढंच विचारलं, "डॉक्टरनं दिलं त्याबिगर दुसरं औषध न्हाय ना?" आक्का म्हणाल्या, "जनावराचं दुसरं कुठलंच न्हाय." परक्या घरी दहा वेळा उलटसुलट विचारणाऱ्या माणसानं स्वतःच्या घरी एकदाच विचारलं.

मग आक्का उठल्या. त्यांनी गायीला हळदकुंकू लावलं, शिंगांना खण बांधला आणि थोड्या वेळानं स्वतःच सोडून घेतला. "न्या," त्या म्हणाल्या. "लोकांच्या गायी गेल्या, माझी काय निराळी हाय? पण मी यायची न्हाय."

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आम्ही तिला माळावर नेली. उतरवताना मीही हात लावला आणि मणक्यानं आठवण दिली. ट्रॉली परत गेली. आम्ही दोघं लांब बाभळीखाली बसलो. टॉवरवरून ती जोडी उठली होती आणि वर घिरट्या घालत होती, मागं ते चिडकं पिल्लू. एवढं मोठं जनावर माळावर बऱ्याच दिवसांनी आलेलं. आबांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते गायीसाठी की पक्ष्यांसाठी हे कळायला मार्ग नव्हता. मी पाठीची गोळी काढायला खिशातून पट्टी काढली. आबांना औषध दिसलं की वाचल्याशिवाय राहवत नाही. त्यांनी पट्टी हातात घेतली, चष्मा वर करून बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाले, "पाव्हणं, हेच बघा ते. डायक्लोफेनॅक. माणसाला चालतं. घ्या तुमी बिनघोर."

दहा वर्षांत हे नाव मी त्यांच्या तोंडून हजारदा ऐकलं असेल. ऐकून ऐकून ते मला ऐकू येईनासं झालं होतं. गोळीचं आणि इंजेक्शनचं खोकं एकाच चिठ्ठीवर मिळालेलं, आणि दोन्हींवर औषधाचं नाव एकच. मी वर बघितलं. जोडी बरीच खाली आली होती. गप्प बसलो असतो तर कुणालाही काही कळलं नसतं. दोन दिवसांनी टॉवरखाली तीन पक्षी पडलेले मिळाले असते, आणि आबांनी तालुकाभर विचारत हिंडून कुण्या दुसऱ्याच्या म्हशीवर त्याचं खापर फोडलं असतं.

"आबा," मी म्हणालो, "याचंच इंजेक्शन काल राणीला दिलंय. आठ. मीच आणली होती."

आबांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता आमचं साडूपण संपलं.

"किती वाजता दिलं?" त्यांनी विचारलं. ती जुनी सवय होती. मग आवाज बदलला. "दुखणं थांबलं का तिचं?"

"थांबलं. तासभर रवंथ केला. आक्कांच्या मांडीवर."

"मग बरं झालं," आबा म्हणाले आणि खांद्यावरचा टॉवेल काढून गायीकडे पळत सुटले. पळता पळता मला म्हणाले, "तुमी टॉवरच्या अंगानं व्हा."

आबांनी फोन करून बोलावलेली ट्रॉली आणि जेसीबी यायला दीड तास लागला. तो दीड तास पन्नाशीपलीकडचे दोन साडू भर उन्हात मेलेल्या गायीभोवती टॉवेल फिरवत हुर्रर्र करत धावत होते. एक पांढरं गिधाड पार शिंगापाशी उतरलं, तेव्हा आबांनी त्याला हाकलताना "जा की रं बाबा" असं जे म्हटलं, ते पाहुण्याला ताटावरून उठवणाऱ्या माणसाच्या आवाजात. लोणी देवकरच्या एमआयडीसीत पाळीवर निघालेले कामगार रस्त्यावर मोटारसायकली लावून बघत होते. एकानं ओरडून विचारलं, "आबा, बोलवताय का हाकलताय?"

"आज हाकलतोय," आबा म्हणाले.

जेसीबीनं गाय उचलून ट्रॉलीत ठेवली. आबांनी आक्कांना फोन केला, "लिंबाखाली खड्डा घ्यायला सांग. घरी आणतोय तिला." का, ते आक्कांनी विचारलं नाही आणि आबांनी सांगितलं नाही. पुढं कधीतरी सांगितलं असेल. मला मात्र आक्का अजून पाठीचं कसं आहे म्हणून विचारतात, आणि मी विषय बदलतो.

ट्रॉली गेली तरी आबा हलेनात. म्हणाले, "जरा थांबू." आम्ही पुन्हा बाभळीखाली बसलो. माझी पाठ इतकी दुखत होती की गोळी घ्यावीशी वाटत होती, पण त्यांच्या देखत पट्टी काढायची लाज वाटत होती. थोड्या वेळानं जोडी उतरली, मग पिल्लू. जिथं गाय पडली होती त्या दबलेल्या गवताभोवती ती तिघं लंगडत लंगडत हिंडली. पिलानं एक वाळकं शेण उलटं करून बघितलं. पाहुणे जेवायला यावेत आणि मांडव उठलेला असावा, तसं ते सगळं दिसत होतं. मी आबांची क्षमा मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानंच गप्प राहायला सांगितलं.

"उपाशी हायेत," ते हळूच म्हणाले.

पिल्लू उडून टॉवरवर जाऊन बसलं. मागोमाग ती दोघं.

"पण हायेत," आबा म्हणाले.