डी ड्राइव्हची प्रत ई ड्राइव्हमध्ये

अमरावतीच्या आमच्या घरात जिन्याखाली एक जुना डेस्कटॉप रात्रंदिवस चालू असायचा. त्यावर विंडोज एक्सपी होती. ती बनवणाऱ्यांनी तिच्याकडे बघणं केव्हाच सोडलं होतं, मी सोडलं नव्हतं. घरातले सगळे कागद, फोटो, पावत्या त्यात होत्या आणि फोन, लॅपटॉप घरातल्या घरात त्याला जोडलेले होते. बाहेरचं इंटरनेट मी त्याच्यापर्यंत येऊ दिलं नव्हतं. सत्तर वॅट खायचा, म्हणजे महिन्याला पन्नास युनिट. मी मोजलं होतं.

धाकटा भाऊ अकोल्याला राहतो. त्याला ती पेटी बघवत नसे आणि तिच्याबद्दल तो काही बोलला की माझं डोकं फिरत असे. आला की चप्पल काढायच्या आधी जिन्याखाली वाकून बघायचा.

"भाऊ, हे अजून मेलं नाई?"

"तुह्याकडे दिलेला कागद कुठी हाये, थे सांग आधी."

एवढं झालं की तो चहा न घेता बसायचा आणि माझी बायको दोघांकडे पाठ करून आत जायची. भाऊ सगळं फोनमधून कुठल्यातरी कंपनीच्या यंत्रावर चढवून मोकळा होतो. मी म्हणायचो, आपल्या घरचे कागद दुसऱ्याच्या घरी कशाला. तो म्हणायचा, तुह्या घरी ते कागद नाईत, भंगारात हायेत.

मी विचारायचो तो कागद आमच्या आजोबांचा. दर्यापूरजवळच्या गावातल्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, पन्नास सालाच्या आधीचा. आम्ही छप्पन्नपासून बौद्ध, पण जात पडताळणीला त्याआधीची नोंद दाखवावी लागते. आमच्या दोघांकडेही पडताळणीचं प्रमाणपत्र नाही, आमच्या वेळी कोणी मागितलं नाही. तो उतारा मी दोन खेपा घालून काढून आणला होता. भावाला मुलगी आहे, पुढे तिलाच लागेल म्हणून मूळ प्रत त्याच्याकडे दिली. भाड्याची खोली सोडून फ्लॅटमध्ये जाताना त्याने ती हरवली. मी देण्याआधी स्कॅन करून ठेवली होती, हे मी नातेवाइकांच्या प्रत्येक कार्यक्रमात सांगत असे. तो समोर असेल तर जरा मोठ्याने.

"माझ्याकडे दोन प्रती आहेत," असं मी म्हणायचो.

दोन प्रती म्हणजे काय, ते सांगतो. आमच्याकडे कॉम्प्युटर दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात गेलं की दुकानदार एकच औषध देत असे: फॉरमॅट मारू. सी ड्राइव्ह पुसली जायची, डी वाचायची. त्यामुळे सगळ्यांनी आपलं सामान डीमध्ये ठेवायची सवय लावून घेतली. मी त्यांच्या पुढे गेलो. दर रविवारी डीमधलं सगळं ईमध्ये उतरवायचो आणि दोन्हीकडच्या फाइल मोजायचो. शेवटच्या मोजणीला डीमध्ये ४,३१८ आणि ईमध्ये ४,३१८ होत्या. एका फाइलचाही फरक नव्हता.

जूनच्या सुरुवातीला, एका बुधवारी सकाळी, भावाचा फोन आला. पुतणीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी पडताळणीचा अर्ज भरायचा होता. मुदतीला नऊ दिवस होते.

"आजोबांचा उतारा पाठव, भाऊ. व्हॉट्सॲपवर टाकला तरी चालते. त्यावरचा नंबर भेटला की शाळेतून नवीन नक्कल काढतो."

मी उठून लॅपटॉप उघडला, पेटीतली फाइल उघडली. अनुक्रमांक, आजोबांचं नाव, जात, दाखल झाल्याची तारीख. सगळं स्वच्छ वाचता येत होतं. पाठवायला दोन मिनिटं लागली असती.

"असं नाई भेटत," मी म्हणालो. "रविवारी ये. घरी येऊन घेऊन जा."

"कायले? पाठवता येत नाई काय?"

"येते. पण तू ये. ज्या भंगाराले नावं ठेवतो ना, त्याच्यासमोर बसून घे."

तो म्हणाला, "बरं. येतो." फाइल मी बंद केली. नंबर कागदावर उतरवून घेतला नाही. दोन प्रती असताना कशाला उतरवायचा?

शनिवारी दुपारी वादळी वारं सुटलं आणि दहा मिनिटांत तीनदा लाइट गेली-आली. चार वाजता मी पेटी चालू केली तर आतून टक, टक, टक असा आवाज आला आणि मॉनिटर जोडला तेव्हा काळ्या पडद्यावर इंग्रजीतली एक ओळ. संध्याकाळपर्यंत मी चौदा वेळा ती बंद-चालू केली. भावाला फोन करून सांगता आलं असतं. केला नाही. मनात म्हणत होतो, डी गेली असेल, ई आहे.

रविवारी अकराच्या सुमाराला दोघं बसने आले, भाऊ आणि पुतणी. भावाने जिन्याखाली वाकून आवाज ऐकला आणि सरळ उभा राहिला.

"दुसरी प्रत कुठी हाये?"

"ईमध्ये."

"ई कुठी हाये?"

मी पेटीकडे बोट दाखवलं. तो माझ्या बोटाकडे बघत राहिला.

पुतणी खाली बसली. तिने स्क्रू काढून पेटीचं झाकण बाजूला केलं. "मोठेबाबा, यात डिस्क एकच आहे," ती हळू म्हणाली. "सी, डी, ई हे तिचेच तीन भाग केलेत."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. पेटी घेतली त्या दिवशी दुकानदाराने माझ्यासमोरच ते भाग पाडले होते. पण इतकी वर्षं दोन आकडे जुळवताना, ते एकाच डब्याचे आहेत हा विचार माझ्या मनाला शिवला नाही.

बायको दारात उभी होती. "दर रविवारी इकडचं तिकडे करत होते," ती म्हणाली. "मले वाटे, काही तरी मोठं काम करून राह्यले."

कोणी हसलं नाही. ती डिस्क दुकानदाराकडे नेली तर तो म्हणाला, नागपूरला पाठवावी लागेल, दोन-तीन आठवडे, आणि हमी नाही. मुदतीला पाच दिवस राहिले होते.

सोमवारी आम्ही दोघं भाऊ शाळेत गेलो. सुट्ट्या होत्या. मुख्याध्यापक दर्यापूरहून येऊन कपाट उघडायला तयार झाले, पण नंबर नाही म्हटल्यावर वैतागले. "नंबर असता तर पाच मिनिटांत देऊन टाकला असता," ते म्हणाले. "आता बसा शोधत." जुनी रजिस्टरं सात होती. काहींची पानं एकमेकांना चिकटलेली, काहींच्या कडा वाळवीने खाल्लेल्या. मी साल लक्षात ठेवलं असेल असं भावाला वाटलं होतं. मला अंदाज होता, साल नव्हतं. आम्ही वर्गातल्या फरशीवर पाठीला पाठ करून बसलो. तीन त्याने घेतली, चार मी. तो बोटाने एकेक ओळ वाचत होता. मी मध्येच एकदा विचारलं, "कोणत्या पानावर हायेस?" त्याने पुढचं पान उलटलं.

नोंद त्यालाच सापडली, मंगळवारी दुपारी. त्याने मला हाक मारली नाही. रजिस्टर उचलून मुख्याध्यापकांपुढे ठेवलं, फोटो काढला, मुलीला पाठवला आणि नक्कल लिहून होईपर्यंत टेबलापाशी उभा राहिला. शिक्का कोरडा होईपर्यंत त्याने तो कागद कोणाच्या हातात दिला नाही.

दर्यापूरच्या स्टँडपर्यंत आम्ही एकाच जीपमध्ये आलो. तिथून त्याची गाडी अकोल्याची, माझी अमरावतीची. माझी आधी लागली. मी पायरीवर पाय ठेवला तेव्हा तो मागून बोलला.

"भाऊ, बुधवारी मी फोन केला तवा थे चालू होतं काय?"

आधीच बिघडलं होतं म्हणून मी रविवार सांगितला, असं त्याने धरलं असावं. मी नाही म्हटलं असतं तर विषय तिथेच संपला असता.

"चालू होतं," मी म्हणालो. "फाइल उघडून पाह्यली होती मी. चांगली दिसत होती."

त्याने नकलेची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "पोरीचं वर्ष होतं थे," तो म्हणाला, आणि अकोल्याच्या फलाटाकडे चालत गेला. कंडक्टरने मला आत व्हायला सांगितलं. जागा मिळाली ती खिडकीची होती, पण अकोल्याच्या फलाटाच्या बाजूची नव्हती.