एकरी एक वेल

द्राक्षावरची मराठी पुस्तके एकराच्या भाषेत बोलतात. एकरी किती रोपे, एकरी किती शेणखत, एकरी किती फवारण्या. ब्रह्मपुरीत माझ्या वहिनीच्या अंगणात, घराच्या पूर्वेच्या भिंतीलगत, द्राक्षाची एकच वेल होती. पहिल्या पुस्तकाची थोडी पाने वाचून झाल्यावर तिने मला चंद्रपूरला फोन केला.

“भाऊजी, एका वेलीचा एकर किती होते?”

माझी सगळी नोकरी वर्तमानपत्रात झाली, तीही बहुतेक टेबलावर, इतरांच्या बातम्या दुरुस्त करण्यात. त्यामुळे छापील मजकुराची कुठलीही अडचण माझ्याकडे सुटते, असा वहिनीचा समज होता. निवृत्त झाल्यावर मी महिन्यातून एकदा बसने ब्रह्मपुरीला जात असे. पुढचे सगळे त्या खेपांमध्ये पाहिलेले आणि ऐकलेले आहे.

वेल पुतणीने आणली होती. ती नाशिकला नोकरी करते. दिवाळीला येताना तिने प्लास्टिकच्या पिशवीतले मुळे फुटलेले एक कलम आणले आणि वहिनीने ते लावले. ब्रह्मपुरी हा धानाचा मुलूख. परे, म्हणजे धानाची रोपे, कधी टाकायचे आणि ती चिखलात लावायची रोवणी कधी करायची, हे इथे रस्त्याने जाणारा माणूसही सांगेल. द्राक्षाबद्दल विचारायला मात्र कोणी नव्हते. द्राक्ष इथे ट्रकमधून, खोक्यात येते. म्हणून वहिनी पुस्तकांकडे वळली.

कृषी प्रदर्शनातून तिने एक पुस्तिका आणली. एका बागायतदाराच्या अनुभवांचे जाड पुस्तक वाचनालयात मिळाले. नागपूरच्या फुटपाथवरून फळे टिकवण्याचे एक हिंदी पुस्तक आले, त्याला मुखपृष्ठ नव्हते. फोनवरच्या व्हिडिओत एक माणूस रोज बागेतून बोलत असे. तो छान समजावून सांगायचा, पण त्याच्या मागे क्षितिजापर्यंत मांडव दिसायचे. सगळे एकरवाले. एक वेल लावणाऱ्या माणसासाठी कोणी लिहिलेच नव्हते.

शेवटी तसे एक पुस्तक पुतणीने पाठवले. ते इंग्रजीत होते आणि घरच्या घरी वाइन कशी करावी, यावर होते. त्यातला पहिला अर्धा भाग परसात दोन-चार वेली लावणाऱ्यांसाठी होता. रोप केवढे, खड्डा केवढा, तारा किती उंचीवर, सगळे एका वेलीच्या मापाने. दुसरा अर्धा भाग वाइनचा.

वहिनीचे माहेर वैनगंगेपलीकडे, आरमोरीजवळ. तरुणपणी ती दारूबंदीच्या मोर्च्यात सर्वांत पुढे चालली होती. त्या मोर्च्याचा एक फोटो अजून घरात आहे, त्यात तिचे तोंड घोषणेसाठी उघडे आहे. पुढे आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आली आणि गेली. नदीपलीकडच्या जिल्ह्यात ती अजून आहे. अशा घरात हे पुस्तक आले. भाऊ गप्प बसणारा नव्हता.

“मोर्च्यात घसा फोडून राह्यली होती. आता घरीच भट्टी लावतं का?”

“मी अर्धंच वाचून राह्यली,” वहिनी म्हणाली. “वेलीचं. मागचं तुमच्यासाठी ठेवलं.”

मागच्या अर्ध्या भागाला तिने खरोखरच रबर लावले होते.

तिचे वाचन मी पाहिले आहे. बारावीनंतर तिचा इंग्रजीशी संबंध उरला नव्हता. ती फोनवर एकेक शब्द शोधायची, मग पूर्ण वाक्य मोठ्याने म्हणायची. इंग्रजी आणि मराठी अशी दोन पुस्तके खाटेवर शेजारी उघडी ठेवायची. दोन्हींत एकच गोष्ट असेल तर ती मान्य. दोघांचे जमत नसेल तर ती उठून अंगणात जायची आणि वेलीकडे पाहायची. बातमी दोन ठिकाणांहून पडताळून घ्या आणि मग जागेवर जाऊन पाहा, हे मी नव्या मुलांना वर्षानुवर्षे सांगत आलो. इतक्या निष्ठेने ते करणारी मला वहिनीच दिसली.

पहिली चूक भावाने केली, आणि तीही प्रेमाने. पुस्तकात लिहिले होते, बुंध्याभोवती आळे करून पाणी द्यावे. वहिनी माहेरी गेली असताना भावाने आळे केले. जन्मभर धान केलेल्या माणसाचे आळे ते. त्याने चारी बाजूंनी धुरा, म्हणजे मातीचा बांध, घातला, वरून चिखल लिंपला आणि नळ सोडून दिला. ती धानाच्या शेतातली छोटी बांधीच झाली. पाणी दोन बोटे उभे राहिले, थेंबही बाहेर जाईना. भावाला काम इतके आवडले की, पाणी आटले की तो पुन्हा भरायचा. वहिनी परतली तेव्हा वेल पिवळी पडली होती.

“रोवणी करून ठेवली तुमी!” ती म्हणाली आणि फावड्याने धुरा फोडला. “द्राक्ष आहे हे. धान नोहे.”

“मले वाटलं तहान लागली तिले.”

वेल वाचली, पण ते वर्ष वाया गेले. पुढचेही पाने आणि काड्यांतच गेले. भावाला त्या भिंतीलगत गाडीसाठी शेड घालायचे होते. लोखंडी पाइप आणून मागे टाकलेले होते. त्याने माझ्यासमोर सांगून टाकले, “पुढच्या होळीपर्यंत द्राक्ष दिसलं तं ठीक. नाई तं वेल काढतो न शेड घालतो. तू साक्षीदार.”

वहिनी म्हणाली, “चालते.”

त्या उन्हाळ्यात तिने मराठी पुस्तकाप्रमाणे वेल अगदी खरडून छाटली. जूनपासून वेल अशी काही फुटली की भिंत दिसेनाशी झाली. तिने तारा ताणून वेल अंगणावर आणली. भावाने सुरुवातीला तारांना नावे ठेवली. मग सप्टेंबरच्या उकाड्यात त्याची प्लास्टिकची खुर्ची वेलीखाली आली आणि तिथेच राहिली. चहा तिथे, पेपर तिथे.

इथे पुस्तकांचे भांडण झाले. इंग्रजी पुस्तकात छाटणीचा एकच काळ होता: हिवाळ्यात, वेल झोपलेली असताना. मराठी पुस्तक म्हणत होते, पावसाळा सरला की फळछाटणी करा, वाट पाहू नका.

“भाऊजी, आपली वेल झोपत काऊन नाई?”

“तुह्या वाचनाच्या आवाजानं,” भाऊ वेलीखालून म्हणाला.

वहिनी बरेच दिवस त्यावर विचार करत होती. शेवटी तिने ठरवले की इंग्रजी पुस्तक बर्फाच्या देशातले आहे, तिथली वेल थंडीने झोपते. इथे थंडी येते आणि जाते, वेल हिरवीच राहते. म्हणून वेळ मराठी पुस्तकाची घ्यायची. पण एका वेलीवर काड्या किती ठेवायच्या, कोणत्या ठेवायच्या, हे इंग्रजी पुस्तकातून. पेन्सिलीएवढी जाड, उन्हात पिकून तपकिरी झालेली काडी ठेवायची. बाकी सगळ्या काढायच्या. ठेवलेल्या काडीवरही मोजके डोळे ठेवायचे. डोळे म्हणजे पानाच्या देठापाशी असलेल्या कळ्या; पुढचे सगळे फळ त्यांच्यातून येणार.

ऑक्टोबरात मी गेलो तेव्हा ती कात्री घेऊन स्टुलावर उभी होती आणि भाऊ आडवा आला होता.

“आता कुठी सावली झाली, न तू टक्कल करून राह्यली?”

“होळीची मुदत कोणं देल्ली?”

“मी देल्ली. राहू दे ना मंग. नाई काढत वेल. सावली पुरे झाली मले.”

ती थांबली. वेल वाचत होती, फुकट. मी तिच्याकडे पाहत होतो. ती म्हणाली, “सावलीले कडुलिंब आहे ना. हे द्राक्ष आहे. द्राक्ष येते का नाई, मले पाहायचं आहे. मुदत राहू द्या.”

आणि तिने कापायला सुरुवात केली. संध्याकाळपर्यंत तारांवर काही काड्या उरल्या आणि खाली पाल्याचा ढीग. भावाने खुर्ची आत नेली. शेजारची बाई कुंपणावरून म्हणाली, “काऊन वो, कीड लागली का?”

त्यानंतर फोनवर वहिनीचा आवाज बारीक झाला होता. वेल तशीच आहे, एवढेच सांगायची. मग एक दिवस म्हणाली, “डोळे फुगले.” पुढच्या फोनला, “कापूस दिसते डोळ्यात.” पुढच्या खेपेला तिने मला वेलीपाशी नेऊन पान बाजूला केले. कोवळ्या फुटव्यावर मोहरीएवढ्या हिरव्या दाण्यांचा, बोटाच्या पेराएवढा घड होता. भाऊ आमच्या मागे उभा होता. त्याने चष्मा वर केला, घड पाहिला आणि म्हणाला, “बुलबुल खातील हे. जुनी मच्छरदाणी आहे ना माळ्यावर?” त्याने स्वतः ती उतरवली.

त्याच खेपेला मला दिसले की इंग्रजी पुस्तकाच्या मागच्या भागाचे रबर निघाले आहे.

“करायची नाई मले,” वहिनी म्हणाली. “पण अर्धं पुस्तक किती दिवस बांधून ठेवू?” तिला एक शब्द अडला होता. मी शब्दकोशात पाहून सांगितले, किण्वन.

“म्हंजे?”

फळातली साखर सूक्ष्मजीव खातात, त्यातून बुडबुडे आणि अल्कोहोल तयार होते, असे मी सांगू लागलो.

“म्हंजे सडवाच ना, भाऊजी?”

सडवा म्हणजे दारू गाळण्याआधी भिजवून आंबवलेली मोहफुले. ‘मोहसडवा जागीच नष्ट करण्यात आला’ हे वाक्य मी नोकरीत किती वेळा दुरुस्त करून छापले, त्याला हिशेब नाही. किण्वन हा शब्दही मला माहीत होता. दोन्ही एकच आहेत, हे माझ्या कधी लक्षात आले नव्हते.

होळीच्या आधी द्राक्षे पिकली. लहान, साल जाड, देठाकडे आंबट. पहिला मणी वहिनीने भावाला दिला.

“आंबट आहे,” तो म्हणाला. मग आणखी एक घेतला, मग घडच हातात घेतला. पाइप त्याने नंतर पश्चिमेच्या बाजूला नेऊन टाकले.

उरलेली द्राक्षे वहिनीने कुस्करून काचेच्या बरणीत भरली, वर फडके बांधले. रस काढायचा म्हणाली, पण गाळायला घेईना. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मला स्वयंपाकघरात बोलावले.

“कान लावा.”

बरणीतून बारीक, सतत चरचर येत होती. साली वर आल्या होत्या आणि त्यांच्या कडेने बुडबुडे फुटत होते. खमीर घातले नव्हते. ते सालीवरच असते, असे पुस्तकात होते. वहिनी कान लावून बराच वेळ उभी राहिली. मोर्च्याच्या फोटोत नाही असा तिचा चेहरा झाला होता.

“लिवलं तसंच होते,” ती म्हणाली.

भाऊ दारात आला. “पेपरवाले, हे कोणत्या कलमात बसते रे?”

“परवाना लागतो,” मी म्हणालो.

“माहीत आहे मले,” वहिनी म्हणाली. तिने बरणी उचलली, अंगणात नेली आणि वेलीपासून लांब, कडुलिंबाखालच्या खड्ड्यात उपडी केली. जे वाक्य मी आयुष्यभर छापले, ते घडताना पहिल्यांदाच पाहिले.

बरणी धुऊन तिने पुस्तक घेतले, मागच्या भागाला पुन्हा रबर लावले आणि पुढचा भाग उघडून मराठी पुस्तकाशेजारी ठेवला.

“काय पाहून राह्यली?” भावाने बाहेरून विचारले. तो पुन्हा वेलीखाली बसला होता.

“उन्हाळ्याची छाटणी.”

“पुन्हा टक्कल?”

“हो.”

भाऊ उठला. मग त्याने खुर्ची उचलली आणि लिंबाखाली नेली.