विहिरीच्या काठावरचे गोटे

खरं सांगते, त्या उन्हाळ्यात माझी प्रार्थना म्हणजे देवाशी भांडणच झालं होतं. लागोपाठ कोरडी वर्षं गेली होती आणि शेंदूरजनाघाटकडच्या आमच्या शिवारात विहिरींनी तळ गाठला होता. सासऱ्यांनी लावलेली संत्र्याची बाग डोळ्यांदेखत वाळत होती. शेवटी ह्यांनी झाडं तोडणाऱ्याला सोमवारी बोलावलं. बाग गेली की आमच्याकडे दुसरं होतं तरी काय?

तरी संध्याकाळची प्रार्थना सासूबाई चुकू देत नसत. त्यांना दिसत नव्हतं, म्हणून बायबल मी वाचायचे. शनिवारी यहोशवाचा भाग आला. इस्राएल लोक कोरड्या पायांनी यार्देन नदी ओलांडतात आणि पात्रातून बारा गोटे उचलून आणतात. पुढे मुलांनी विचारलं, तर देवानं काय केलं ते सांगता यावं म्हणून. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "आई, त्याईच्यासाठी नदी आटवली, ठीक. आपली विहीर कावून आटवली?"

सासूबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "अवो बाई, आपल्या घरी देवानं काईच नाई केलं का? आपले गोटे कुठी हायेत?" आणि सांगतच सुटल्या. विहीर खोदताना सुरुंग उडाला अन् सासरे वाचले. माझ्या बाळंतपणात, भर पुरात, कोण कुठला जीपवाला देवासारखा थांबला. आणि बाग लहान असतानाही विहीर आटली होती, तेव्हा शेजारच्या चाचांच्या वडिलांनी बांधावरून पाणी दिलं होतं. ह्यांनी चमकून मान वर केली. हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. चाचांशी तर धुऱ्याच्या, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधाच्या, भांडणापासून आमचा अबोला होता. जाऊन विचारायची हिंमत मात्र कोणालाच झाली नाही. मी फक्त म्हटलं, "प्रभू, आता तूच बघ."

रविवारी चर्चहून परतलो, तर चाचा नळी खांद्यावर टाकून बांधावर उभे. आम्ही त्यांच्याशी चकार शब्द बोललो नव्हतो.

"बाग तोडून राहिले म्हणे?" ते ह्यांच्यावर खेकसले. "माह्या बापानं पाजलेली झाडं हायेत हे! माह्या बोअरले पानी हाय, चला, मोटर लावा."

मला रडूच कोसळलं. पावसाळ्यापर्यंत ते पाणी देत राहिले. सगळी झाडं नाही वाचली, पण बाग वाचली.

सासूबाईंनी विहिरीच्या काठावर गोटे मांडायला लावले, एकेका उपकाराचा एकेक. एकदा चाचा त्यातल्याच एका मोठ्या गोट्यावर टेकले आणि विचारू लागले, "बेटी, हे गोटे कायचे हो?"

मी सगळं सांगितलं. म्हटलं, "अन् चाचा, तुमी बसले ना, तो तुमचाच हाय."

चाचा खो खो हसले. मग उठले, टोपी सारखी केली आणि हळूच म्हणाले, "मी निस्ती नळी धरली बेटी. पानी त्याचं होतं."

विहीर का आटली, ते मला आजही कळलेलं नाही. आता विचारतही नाही. पाणी शेंदायला गेले की आधी त्या गोट्यांवरून हात फिरवते, मग बादली सोडते.