दरेकशाची जुनी वाट : सुखदेवभाऊंच्या गावाला एक वर्ष उशिरा

पोस्टकार्ड आलं तेव्हा मी ते दोन दिवस फ्रीजवर ठेवून दिलं. त्यावर एवढंच होतं : 'सुखदेवला जाऊन वर्ष होते. बुधवारी विहारात वंदना आणि जेवण आहे. यावे. अनसूया.' सुखदेवभाऊंच्या थोरल्या बहिणीने लिहिलं होतं. नवऱ्याने विचारलं, जाणार ना? मी म्हटलं, बघू. खरं म्हणजे मला जायचंच नव्हतं. गेल्या एप्रिलमध्ये मी भाऊंच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला गेले नव्हते. शाळेच्या परीक्षांचं कारण दिलं होतं. परीक्षा होत्या, हे खरं. पण मी गेले नाही ते भीतीने.

हे २०१२ साल. वाचणाऱ्यांपैकी काहींना अर्जुनी मोरगावच्या बाजूला, इटियाडोहाच्या कालव्याजवळ असलेलं आमचं लहानसं ध्यानकेंद्र माहीत असेल. दोन खोल्या, एक मोठी पडवी आणि स्वयंपाकघर. सुखदेवभाऊ तिथले धम्मसेवक. शिबिर असलं की दरेकशाजवळच्या आपल्या गावाहून पॅसेंजरने गोंदियाला यायचे, गाडी बदलून अर्जुनीला उतरायचे आणि दहा दिवस चाळीस माणसांचा स्वयंपाक सांभाळायचे. स्वतः ध्यानाला बसले की पाच मिनिटांत झोपायचे आणि ते कबूलही करायचे.

माझ्या पहिल्या शिबिरात तिसऱ्या दिवशी मला धडकी भरली. डोळे मिटले की छातीत कोणीतरी बसल्यासारखं व्हायचं. मी बॅग भरून फाटकाशी गेले. भाऊ बाहेर वांगी चिरत बसले होते. म्हणाले, "जा ना बाई. पन बस चार वाजता हाये. तवरोक हे चिरू लागा." मी वांगी चिरली. बस आली आणि गेली. पुढच्या आठ वर्षांत माझ्यासारख्या कितीजणांना त्यांनी असं थांबवलं असेल, त्यांनाच ठाऊक.

आणि मग मागच्या वर्षीचा तो फोन. शिबिराच्या आदल्या संध्याकाळी दुसरा स्वयंपाकी आजारी पडला. केंद्रातल्या सेवकांची आणि साधकांची यादी माझ्याकडे होती. मी भाऊंना फोन केला, "उद्या सकाळी याल का?" ते म्हणाले, "येतो ना." पहाटेची गाडी गाठायला ते अंधारातच निघाले. मोहाची फुलं गळायचे दिवस होते, अस्वलं ती खायला येतात. जंगलाच्या वाटेवर अस्वलाने त्यांना गाठलं.

तर बुधवारी नागपूरहून सकाळच्या गाडीने निघाले. गोंदियात उतरून तर्रीपोहे मागवले. शेजारच्या ऑटोवाल्याने कुठे जाता म्हणून विचारलं. मी दरेकसा म्हणताच तो म्हणाला, "अकेले? मॅडम, उधर जंगल है. बंदूकवाले भी घूमते हैं." मी तिकीट काढून टाकलं होतं. नाहीतर तिथूनच परतले असते.

जाणाऱ्यांसाठी : दरेकशाला मोठ्या गाड्या थांबत नाहीत. डोंगरगडकडे जाणारी पॅसेंजर घ्यावी. तिकीट किरकोळ, गर्दी बेताची. आमगावपर्यंत दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, दिसतात, एप्रिलमध्ये बहुतेक कोरड्या. सालेकसा मागे पडलं की डोंगर जवळ येतात आणि डब्यात एकदम थंडावा येतो. पावसाळ्यानंतर इथला हाजरा धबधबा बघायला लोक येतात. मी मात्र खिडकीतून झाडांच्या बुंध्यांकडेच बघत होते. काळं काही दिसलं की मी मागे सरायचे. जळका बुंधा असायचा.

स्टेशनवर उईकेभाऊ सायकल घेऊन उभे होते. वनमजूर, साठीच्या आसपासचे, कमी बोलणारे. अनसूयाबाईंनी त्यांना पाठवलं होतं.

"गाव किती लांब आहे?" मी विचारलं.

"जुन्या वाटेनं दोन किलोमीटर. आपन सडकेनं जाऊ. पाच पडते."

"जुन्या वाटेनं का नाही?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सुखदेव तिथंच सापडला मले. तवापासून गावातलं कोनी जात नाही त्या वाटेनं."

पाच किलोमीटर आम्ही चाललो. हवेत मोहाच्या फुलांचा गोड, जड वास होता. उईकेभाऊ मधूनमधून काठी सायकलच्या दांड्यावर वाजवत होते. मी कशासाठी ते विचारलं नाही.

विहार म्हणजे एक पत्र्याची खोली, पुढे मांडव. पांढरे कपडे घातलेली साठ-सत्तर माणसं. काही उईकेभाऊंसारखी, बुद्धवंदना न येणारी, मागे हात जोडून बसलेली. त्रिसरण, पंचशील झालं. एकेकजण उठून भाऊंविषयी बोलला. कोणाचं छप्पर त्यांनी शाकारून दिलं होतं, कोणाच्या आईला खाटेवर घालून दवाखान्यात नेलं होतं. मला बोलायला सांगितलं तेव्हा उभी राहिले. "ते आमच्या केंद्रात यायचे," एवढं म्हणून बसले.

जेवणात भात, लाखोरीच्या डाळीचं वरण आणि वांगं-आलू. अनसूयाबाई स्वतः वाढत होत्या. उंच, हाडकुळ्या, डोक्यावर पदर घट्ट. माझ्या पानाशी आल्या, वाढलं आणि माझ्याकडे न बघता पुढे गेल्या. यांना सगळं माहीत आहे, असं वाटलं.

दुपारी भांडी घासताना मी त्यांच्या शेजारी बसले. "बाई, तो फोन मी केला होता. मी केला नसता तर..."

"मले मालूम हाये," त्या म्हणाल्या. हात थांबला नाही. "फोन आला तवा मी बाजूलेच बसून होती. तुमी बलावलं म्हनून तो गेला. खोटं कायले सांगू?"

मी हातातलं भांडं घासत राहिले.

"मी म्हनलं त्याले, उजेड होऊ दे. नाही ऐकलं. लोकं उपाशी राहतीन म्हने." त्यांनी भाताचा गंज धुऊन पालथा घातला. "फोनचा राग नाही मले. तुमी आले नाही, त्याचा आला. आठ वर्स तो तुमच्याकडं रांधून राहिला. वर्सभरात केंद्रातलं एक मानूस दारात नाही आलं. काऊन?"

"मला भीती वाटली," मी म्हटलं.

"कोनाची?"

"तुमची."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाल्या, "मले त्या वाटेचं भेव लागते. वर्स झालं, जाऊन नाही पाहिलं. उद्या तुमाले टेशनवर सोडाले मी येतो. जुन्या वाटेनं. दोघी जाऊ."

नाही म्हणावंसं वाटलं. पण एकदा न येऊन मी काय केलं होतं, ते नुकतंच ऐकलं होतं.

रात्री त्यांच्याकडेच राहिले. दुसऱ्या दिवशी सूर्य चांगला वर आल्यावर निघालो. उईकेभाऊ येतो म्हणत होते, बाईंनी नको म्हटलं. त्यांच्या हातात पितळी थाळी आणि पळी होती. दर वीस पावलांवर त्या थाळी वाजवायच्या. आवाज विरला की जंगल आणखी शांत व्हायचं. वाट गवताने बुजली होती. कोरड्या पानांत माझाच पाय वाजला तरी मी दचकत होते.

अर्ध्या वाटेवर एक मोठा मोह होता. खाली फुलांचा पिवळट सडा. आणि सड्यात अस्वल. पन्नासेक पावलांवर. पाठीवर पिल्लू. त्याने मान वर करून हवा हुंगली.

अनसूयाबाई जागीच थिजल्या. पळी हातात होती, पण त्यांना ती उचलून मारता येत नव्हती. अस्वल एक पाऊल आमच्याकडे आलं. मी त्यांच्या हातातून थाळी-पळी घेतली आणि बडवत सुटले. तोंडाने काय ओरडत होते ते मला अजूनही आठवत नाही. बाई नंतर म्हणाल्या, तुमी शाळेतल्या पोरायवर वरडता तशा वरडत होत्या.

अस्वल वळलं. झुडपांत घुसलं. आवाज लांब लांब जात थांबला. आम्ही कितीतरी वेळ एकमेकींना धरून उभ्या होतो.

ती जागा तिथून थोडी पुढे, एका ऐनाच्या झाडाखाली. उईकेभाऊंनी एक दगड उभा करून ठेवला होता. बाई खाली बसल्या, हातांनी पानं बाजूला केली. रडतील असं वाटलं. रडल्या नाहीत. दगडाला म्हणाल्या, "वर्स लागलं याले. भेव लागत होतं." मग मला म्हणाल्या, "तुमी बी बोला." मी खाली बसून माफी मागितली. मोठ्याने, त्यांच्यासमोर.

गाडी उशिरा होती. परत त्या सडकेने जाणार होत्या. आज एकदा पुरे, म्हणाल्या.

नागपूरला आल्यावर दोन दिवस ताप होता. अजूनही मोहाचा वास आला की मी मागे वळून बघते. भीती गेली असं लिहिलं तर खोटं होईल. पण ताप उतरल्यावर मी केंद्राची यादी काढली आणि सुखदेवभाऊंच्या हातचं जेवलेल्या जुन्या साधकांना एकेक करून फोन केले. दोघांनी परीक्षा, लग्नसराई अशी कारणं दिली. ती कारणं मला चांगली ओळखीची होती. एकाने ऐकून न घेताच फोन ठेवला. चारजण म्हणाले, कधी जायचं?

पुढच्या रविवारी आम्ही पाचजण निघतोय, नवराही आला तर सहा. अनसूयाबाईंना फोनवर तसं कळवलं. म्हणाल्या, "या. पन पाच का सहा, ते पक्कं सांगा. तांदूळ तसा काढा लागते."