रिकाम्या डबीची कॉफी

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. शेजारच्या मास्तरीणबाईंकडे एक मासिक येतं, त्यात लोकांचे असले अनुभव छापलेले असतात... कोणाला विहिरीवर बाई दिसली, कोणाच्या मागे पावलं वाजली. बाई मोठ्यानं वाचतात आणि मी भाजी निवडता निवडता मनात म्हणते, अंधारात डोळे फसतात, दुसरं काय! पण माझ्या बाबतीत जे झालं ते अंधारात झालं नाही. दिवसा झालं, चुलीपाशी झालं, आणि चार माणसं ते कपात ओतून प्याली. म्हणून या वहीत लिहून ठेवते. मासिकाला पाठवायचं नाही. माझं शिक्षण मराठी चौथीपर्यंत, आणि चारचौघांत तोंड उघडायची मला जन्माची भीती.

आम्ही अमरावतीचे माळी. बडनेऱ्याच्या रस्त्याला आमचा भाजीचा न् फुलांचा मळा होता. अकोल्याचे एक गोरे साहेब कापसाच्या खरेदीत होते, त्यांचा चिखलदऱ्याला बंगला होता. त्या बंगल्याची बाग पाहायला आमचे हे आणि माझे भासरे, म्हणजे यांचे मोठे भाऊ, नोकरीवर राहिले. मागच्या अंगाला एक खोली होती, तिथं आम्ही राहायचो. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती.

तिचं नाव सगुणा. माझ्या सासूचं नाव. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, मी त्यांना पाहिलं नाही. पण सासूचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं, मग ते पोटच्या पोरीला ठेवलेलं असो. सगळे तिला सगुणा म्हणत, मी ‘माय’ म्हणायची. चार वर्षांत एकदाही तिचं नाव माझ्या तोंडून निघालं नव्हतं.

आणखी एक. भासऱ्यांशी मी बोलत नसे. दाराआड उभी राहायची, आणि जे काय बोलायचं ते पोरीच्या मार्फत.

भासरे ताटावर बसून म्हणायचे, “सगुणे, तुह्या मायले सांग, भाजीत मीठ टाकाले सरकारची मनाई नाई.”

मी आतून म्हणायची, “माये, मोठ्या बाबाले सांग, मीठ पाटावरच हाय.”

पोरगी मधल्या मधे हसायची. ती होती म्हणून आमचं घर बोलत होतं.

आता त्या किटलीचं सांगते, कारण सगळं तिच्यावरच आहे. साहेबांच्या स्वयंपाकघरात विलायतेहून आणलेली कॉफीची किटली होती. खानसामा बुढनचाचा तिला पर्कलेटर म्हणत. तळाला पाणी, मधोमध एक पोकळ नळी, नळीच्या डोक्यावर भोकाभोकांची डबी, त्या डबीत जाडसर कुटलेली कॉफी. पाणी तापलं की नळीतून वर उसळायचं, झाकणाच्या काचेच्या बोंडीवर आपटायचं, आणि पुडीतून गळून परत खाली. असं सारखं. आधी काचेत पांढरं पाणी उडताना दिसे, मग पिवळसर, मग काकवीसारखं झालं की उतरवायची. चाचांना मोतीबिंदू झाला होता, काचेतला रंग दिसेना. म्हणून रंग पाहायचं काम माझ्याकडे आलं. कॉफी भाजणं, खलात कुटणंही माझंच.

किटली बोलायला लागली की पोरगी असेल तिथून धावत यायची. तिला ती ‘बुडबुडी’ म्हणायची. काचेसमोर उकिडवी बसायची, कॉफी उतरली की चाचा अर्धं बिस्कीट तिच्या हातावर ठेवत.

त्या वर्षी साहेबांच्या पायाचं दुखणं होतं, म्हणून ते पावसाळ्यातही वरच राहिले. अकोल्याचा बंगला गळतो असं पत्र आलं, तेव्हा मेमसाहेब खाली गेल्या. आमचे हे सामानाबरोबर गेले. मेमसाहेब कॉफीचा डबा कपाटात कुलूप लावून ठेवायच्या, चावी कमरेला. जाताना एका बाटलीत मोजकी पूड काढून दिली होती. ती आदल्या दिवशी संपली. सकाळी साहेब चहा पिताना तोंड वाकडं करत होते. बागेत कॉफीची झाडं होती, पण त्यांना तेव्हा हिरवी कच्ची फळं.

मेमसाहेब नाहीत, कॉफी नाही, तर मी त्या दिवशी किटली खसखसून घासली. त्या असताना चिंच लावू देत नसत. मी चिंच लावली, राख लावली, नळीत काडी घालून आतला सगळा काळपट थर काढला, कढत पाण्यानं दोनदा विसळली. डबीचं एकेक भोक उजेडाला धरून पाहिलं. हे मुद्दाम लिहिते... पुढं कामाला येईल.

दुपारची जेवणं झाली होती. चिखलदऱ्याला पावसाळ्यात ढग बागेत उतरतात, तसे उतरले. ओसरीवरून समोरचं कुंपणही दिसेना. पोरगी ओसरीवर खलाच्या दांड्याशी खेळत होती. मी आत पाणी गाळायला गेले. परत आले तर दांडा पडलेला, पोरगी नाही.

मला वाटलं, भासऱ्यांकडे रोपवाटिकेत गेली असेल. तिकडे जाऊन विचारायचं म्हणजे त्यांच्यासमोर बोलणं आलं. मी थांबले. कुंपणापर्यंत दोनदा जाऊन आले, हळूच “माये, माये” केलं. पुन्हा थांबले. ही माझी चूक. किती वेळ गेला ते सांगता येत नाही, पण चुलीतलं एक जाड लाकूड अर्धं जळून गेलं एवढा.

मग भासरे चहाला आले. एकटेच.

“सगुणी कुठं हाय?” त्यांनी दाराकडे पाहून विचारलं.

मी दाराआड. ज्या पोरीच्या तोंडून उत्तर द्यायचं तीच नाही. हातातलं ताट खाली पडलं, तेवढंच मी बोलले असं म्हणा.

भासरे उठले. “काहो, नाई काय घरात? कवापासून?” आणि उत्तराची वाट न पाहता ओरडतच धावले, “सगुणेऽऽ!”

बंगल्यामागे शंभर पावलांवर कडा. खाली दरी, तळ दिसत नसे. कड्याला ना भिंत ना तार. साहेब काठी टेकत बाहेर आले, शिट्टी वाजवायला लागले. भासरे कंदील घेऊन गेले, पण त्या ढगात कंदील म्हणजे नुसता पिवळा ठिपका. त्यांचा आवाज इकडून यायचा, मग तिकडून. “सगुणेऽ! ए सगुणे! कुठं लपून राहिली वं! हात लागू दे, मंग पाहतो तुले!”

भासरे जिवाच्या भीतीनं ओरडत होते, पण ऐकणाराला तो राग वाटला असता. पोरगी ओरडलं की लपायची. खाटेखाली, कोठीमागे... जितकं ओरडा तितकी आत सरकायची. तिथं कड्याच्या काठावर ती कुठं सरकणार? हे मला माहीत होतं, एकटीला. ‘ओरडू नका’ एवढंच भासऱ्यांना जाऊन सांगायचं होतं. मी चार पावलं गेले. ढगात कोण कुठं आहे ते कळेना, पाय पुढं टाकायचा तर जमीन आहे की नाही तेही कळेना. तशीच परत फिरले, आणि चुलीत लाकडं घातली.

काहून घातली? ती कशाला येते तर बुडबुडीला, एवढंच डोक्यात होतं. किटलीत पाणी ओतलं, नळी बसवली, डबी बसवली, झाकण लावलं, चुलीवर ठेवली.

चाचा दारात आले. “बेटी, क्या चढाया?”

“बुडबुडी.”

“पूड कहाँ है? चाबी तो मेमसाब ले गई. खाली पानी उबालके क्या होगा?”

“ते मले मालूम हाय चाचा,” मी म्हटलं. “पण तिले मालूम नाई ना.”

चाचा म्हातारा माणूस, डोळ्यांनी दिसत नाही, तरी पलीकडच्या खोलीतून साहेबांची घंटी घेऊन, पोरगी आली तर वाजवायला म्हणून, ओसरीवर जाऊन उभे राहिले.

पाणी तापलं. काचेत एक थेंब आपटला, मग दुसरा. खुळुक... खुळुक... पांढरं स्वच्छ पाणी. तो आवाज दहा पावलांवर पोचत नाही हे मलाही कळत होतं. बाहेर भासऱ्यांचा आवाज कड्याच्या बाजूनं आला आणि मध्येच थांबला. तो थांबला तेव्हा मला जास्तच भीती वाटली. आता त्यांनी काहीतरी पाहिलं, असं वाटलं. मी किटलीच्या काचेला तोंड लावल्यागत वाकले, आणि माझ्या तोंडून निघून गेलं—

“सगुणा.”

हळूच. चुलीच्या आवाजातही ऐकू येणार नाही इतकं हळू. जिभेला ते नाव नवीन होतं. पुन्हा म्हटलं, “सगुणा, ये वं.”

काचेतलं पाणी पिवळसर दिसलं.

मला वाटलं, जाळाचा रंग. मी बाजूला सरले, सावली केली. पिवळंच. मग तांबूस. मग काकवीसारखं... आणि वास आला. नुकत्या भाजून कुटलेल्या कॉफीचा, घर भरून जाईल असा. असा वास तर मेमसाहेबांच्या हातच्या कॉफीलाही कधी आला नव्हता. झाकण उघडायची हिंमत होईना. खुळुक खुळुक चालूच.

चाचा ओसरीवरून भिंत चाचपत आत आले. “या अल्ला! बेटी, कहाँ से मिली?”

मी नुसती मान हलवली. ती त्यांना दिसली नसेल.

तेवढ्यात त्यांच्या मागून आवाज आला.

“चाचा, बिस्कूट.”

ओलीचिंब. परकराला गवताची कुसळं, गुडघ्याला चिखल. मी तिला असं धरलं की ती ओरडली. कड्याच्या बाजूनं आली होती ती. चाचांनी घंटी वाजवली, भासरे आणि साहेब आले. भासऱ्यांचे ओठ पांढरे पडले होते. कड्याच्या अगदी धारेवर झुडपाखाली त्यांना तिची एक पाटली सापडली होती, ती मुठीत होती. म्हणून त्यांचा आवाज थांबला होता.

“कुठं गेली होती वं?” त्यांनी विचारलं. आता अगदी हळू.

“तू ओरडून राहिला होता, म्हणून लपली,” पोरगी म्हणाली. “मंग बुडबुडीचा वास आला. मंग आईनं हाक मारली.”

“कोणती हाक?” मी विचारलं.

“सगुणा म्हणून.”

भासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पदर पुढं ओढला.

साहेब खुर्चीवर बसले, म्हणाले, “कॉफी लाओ. सबको दो.” चाचांनी कप मांडले. साहेब दोन कप प्याले. भासरे जन्मात पहिल्यांदा प्याले, म्हणाले, “कडू हाय, पण बरं हाय.” चाचा प्याले. मीही घोटभर घेतली. ती कॉफीच होती. साहेबांनी विचारलं, कपाट कोणी उघडलं? चाचांनी त्यांना नेऊन कुलूप दाखवलं, जसंच्या तसं होतं. साहेबांना वाटलं, मी थोडी पूड मागं ठेवली असेल. ते नुसते हसले.

दिवेलागणीच्या आधी मी किटली घासायला बसले. चोथा टाकायला झाकण काढलं, डबी उपसली.

डबीत काही नव्हतं. एक कण नाही. सकाळी घासून ठेवली तशी लखलखीत, नुसती ओली. नळी पाहिली, तळ पाहिला. कॉफी केली की तळाला गाळ बसतो, तोही नाही. मी चाचांचा हात धरून त्यांची बोटं डबीत फिरवली. त्यांनी दोनदा फिरवली, बोटांचा वास घेतला, आणि झाकण माझ्या हातात दिलं.

“किसी को मत बोलना, बेटी.”

आठ दिवसांनी मेमसाहेब आल्या, कपाट उघडलं. डबा जसा बांधून ठेवला होता तसाच निघाला.

मी पुष्कळ विचार केला. जुना थर पाण्यात उतरला म्हणावं, तर तो मीच काढला होता. माझे डोळे फसले म्हणावं, तर चाचांना डोळे नव्हते आणि साहेबांना जीभ होती. हाकेचं तर काय म्हणावं... मी जी हाक मारली ती चुलीपलीकडे गेली नव्हती. पुढं एकदा बंगल्यात कोणी नसताना मी मुद्दाम तसंच केलं. नुसतं पाणी ठेवलं, तेच नाव घेतलं. पाणी पांढरंच उडत राहिलं. मलाच लाज वाटली.

कधी वाटतं, ते नाव दोघींचं होतं, आणि त्यातल्या मोठीनं आधी ऐकलं. पण सासूबाईंनी उभ्या जन्मात कॉफी पाहिली नव्हती. मग हेही जुळत नाही. मी जोडायला जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणातून मोठ्यानं हाक मारली, “सगुणा, चल, न्याहारी कर!” भासरे तिथंच वाफ्यात होते. सासूचं नाव सुनेच्या तोंडून ऐकून ते काय म्हणतील ही भीती होतीच. ते खुरपं थांबवून उठले. मला वाटलं, आता पोरीला म्हणतील, तुह्या मायले सांग... पण पोरीकडे त्यांनी पाहिलंच नाही.

“अशीच हाक मारत जा, सूनबाई,” ते थेट मला म्हणाले. “ढग असला म्हणजे जरा मोठ्यानं.”