डोलकाठी नसलेली पेनी

चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या ताईला नाण्यांचा नाद लागला तो वजनांमुळे. काच घासायच्या आधी ती ठोकळ्यावर लाखेने चिकटवतात आणि लाख थंड होईपर्यंत वर काहीतरी जड ठेवावं लागतं. मालकाने त्यासाठी चलनातून बाद झालेल्या ब्रिटिश पेन्यांची एक पिशवी आणून ठेवली होती. जाड, काळपट, हातात घेतल्यावर भरल्यासारखी वाटणारी नाणी. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, भिंग डोळ्याला लावलेलंच होतं, म्हणून ताईने सहज दोन पेन्या शेजारी शेजारी धरल्या. साल एकच, राणी तीच. पण एकीच्या डोक्यावरच्या मुकुटमाळेत पानं पंधरा आणि दुसरीच्या सोळा.

तिने पुन्हा मोजली. पंधरा आणि सोळा.

"त्या दिवसापासून आमची ताई कामातून गेली," असं तिचा धाकटा भाऊ सगळ्यांना सांगायचा. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलंच तर ताईही म्हणायची, "राणीचं डोकं मोजता मोजता माझं पिकलं, मी काय करू?"

धाकट्याचा धंदा कोरकामाचा. दारावरच्या पाट्या, शर्यतीचे पेले, लग्नातल्या भांड्यांवरची नावं. आई लवकर गेली, तेव्हा तो शाळेतही जात नव्हता. ताईनेच त्याला न्हाऊमाखू घातलं, अक्षर गिरवून घेतलं आणि हात चांगला आहे हे ओळखून कोरकाम करणाऱ्या कारागिराकडे चिकटवलं. त्याची जाण तो ठेवून होता. जुन्या बाजारात गेला की ताईसाठी मूठभर पेन्या आणायचाच. तिच्या टेबलावर ओतायचा आणि म्हणायचा, "घे, तुझा दाणा. टिपत बस."

गावात नाणी जमवणाऱ्यांचं मंडळ होतं. महिन्यातून एकदा वाचनालयाच्या वरच्या खोलीत सगळे जमत. बाकीचे सोन्याचांदीची नाणी मखमलीवर मांडत, ताई खोक्यातून पेन्या काढायची. तिला पाठीमागे 'चिल्लरताई' म्हणत हे तिला ठाऊक होतं, आणि तिला त्याचं फारसं काही वाटत नसे. तिला हवं होतं ते वेगळंच. मंडळाची एक सूची होती. त्यात कुणी नवा प्रकार शोधला की त्याच्यापुढे शोधणाऱ्याचं नाव छापत. आयुष्यभर लोकांच्या डोळ्यांसाठी काचा घासल्या. आपल्या डोळ्यांनी काही पाहिलं, एवढं कुठेतरी लिहिलेलं असावं, इतकीच तिची हाव.

आणि ते तिला सापडलंही. धाकट्याने आणलेल्या एका मुठीत १८८७ ची पेनी होती. मागच्या बाजूला हातात त्रिशूळ घेऊन बसलेली देवी, तिच्या एका अंगाला दीपगृह, दुसऱ्या अंगाला शिडाचं जहाज. नखाएवढं जहाज. त्याला मागची डोलकाठीच नव्हती. नाणं झिजलेलंही नव्हतं; बाकीच्या काठ्या, शिडं सगळी जागच्या जागी. ताईने भिंग बदललं, खिडकीशी गेली, परत आली आणि खुर्चीत बसून रडायला लागली. धाकटा समोरच होता. त्याला वाटलं हिला काही झालं. तिने नाणं त्याच्यापुढे धरलं आणि म्हणाली, "हे कुणीच पाहिलेलं नाही रे."

मंडळाच्या सचिवांनी नाणं पाहिलं, मान डोलावली, आणि नियम सांगितला. सूचीत प्रकार घ्यायचा तर तसंच दुसरं नाणं दाखवावं लागतं. एका ठशातून हजारो नाणी निघतात. ठशातच डोलकाठी नसेल तर जगात कुठेतरी तिची भावंडं असणारच. "एक म्हणजे अपघात, ताई. दोन म्हणजे ठसा."

मग ताईने दुसरी पेनी शोधायचा ध्यास घेतला. पत्रं लिहिली, पिशव्याच्या पिशव्या पालथ्या घातल्या. दर सभेला सचिव विचारत, "सापडली का पेनीची भगिनी?" आणि ती हसून मान हलवायची. घरी परतताना मात्र पाय ओढत यायची. धाकट्याच्या घरावरूनच वाट होती, तो खिडकीतून बघायचा.

मग एका शनिवारी धाकटा जिना चढून आला आणि एकच पेनी टेबलावर ठेवली. दाणा वगैरे काही म्हणाला नाही. १८८७, मागची डोलकाठी नाही. ताईने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, लहानपणी फिरवायची तसा. लगेच सचिवांना फोन केला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सभा होतीच. त्यांनी तिचं नाव सर्वांत वर घेतलं.

रविवारी सकाळी तिने दोन्ही पेन्या शेजारी शेजारी मांडल्या आणि आयुष्यभराच्या सवयीने कडेपासून सुरुवात केली. नाण्याच्या कडेला आतून बारीक दाते असतात. सालाचा शेवटचा आकडा प्रत्येक ठशावर हाताने ठोकलेला, त्यामुळे तो कधी दात्यासमोर येतो, कधी दोन दात्यांच्या फटीसमोर. आकडा कुठे बोट दाखवतो यावरून ठसा ओळखायचा, हे नवशिक्यालाही सांगतात. पहिल्या पेनीतल्या साताचा पाय दात्यावर होता, दुसरीतल्याचा फटीवर.

म्हणजे ठसे दोन. आणि दोन वेगळ्या ठशांत तीच एक काठी हरवायची नाही.

तिने दिवा आडवा धरला. डोलकाठी असायला हवी तिथली जमीन दोन्ही नाण्यांत किंचित खोल गेली होती. ते तिला आधी का दिसलं नाही? कोरणीच्या खुणा शोधायला आधी मनात संशय यावा लागतो. धाकट्याच्या हातून आलेल्या वस्तूवर संशय घ्यायचं तिला शिकवलं कुणी होतं?

तरी जिना उतरताना तिने पहिल्या पेनीला पाठीशी घातलं. खोल काय, घाणीनेही दिसतं. दिवा जुना आहे. दुसरं नाणं खोटं, एवढंच तिने ठरवलं.

धाकटा घराला लागूनच्या कारखान्यात एका पेल्यावर नाव कोरत होता. भावजय दारापाशी कपडे वाळत घालत होती. ताईने दुसरी पेनी त्याच्यापुढे ठेवली आणि कुठून आणली ते विचारलं. बाजारातून, तो म्हणाला, मान वर न करता.

"सात दात्यावर नाही."

त्याला ते कळलं नाही. तिने समजावून सांगितलं, पूर्वी पाढे समजवायची तसं. त्याने कोरणी खाली ठेवली.

"तुझं तोंड बघवत नव्हतं, ताई. दर सभेहून अशी यायचीस, जणू कुणी दारातून परत पाठवलंय. म्हटलं एकच तर हवंय. देऊ करून."

ताईला राग आला, पण तो राग गिळता येण्यासारखा होता. जीव लावणारा माणूस वेडेपणा करतोच. ती म्हणाली, बरं, झालं ते झालं, आता पहिल्या पेनीची खरी जोडी कुठे मिळते ते आपण दोघं मिळून बघू.

यावर धाकटा पेला उगाच फडक्याने पुसत राहिला.

भावजयीने ओला शर्ट तसाच खांद्यावर टाकला. "सांगून टाका हो आता. किती वर्षं तोंडात गुळणी धरून बसणार?"

"ती पहिली पेनी म्हणजे गंमत होती ग," धाकटा म्हणाला. "वाटलं, तू बघताक्षणी ओळखशील, मला चार शिव्या देशील, आपण हसू. ओळखणारच, इतकी खात्री होती मला तुझी. आणि तू रडायलाच लागलीस. मग कुठल्या तोंडाने सांगणार होतो?"

ताई त्याच्याकडे पाहत नव्हती. तिने भावजयीला विचारलं, "तुला कधीपासून माहीत?"

"त्याच दिवशी सांगितलं यांनी."

म्हणजे तिने त्या पेनीसाठी लिहिलेली पत्रं, ती पोस्टात टाकायला दिली होती ती भावजयीकडेच. जेवायला बोलावून सूचीत नाव कसं येईल ते सांगितलं होतं, तेही याच दोघांना. दोघांनी ऐकून घेतलं होतं. वर वाढलंही होतं.

संध्याकाळी ती सभेला गेली. जाऊ नये असं वाटत होतं, पण नाव वर घेतलेलं होतं. तिने उभं राहून सांगितलं की दोन्ही पेन्या कोरणीने बिघडवलेल्या आहेत, आणि प्रस्ताव मागे घेतला. मागून कुणीतरी म्हणालं, "आयुष्यभर काचा दुसऱ्यांच्याच घासल्या वाटतं." दोघंतिघं हसले. सचिव हसले नाहीत. त्यांनी हळूच विचारलं, कुठल्या दुकानदाराने फसवलं, नाव कळलं तर बाकीचे सावध होतील.

"दुकानातून घेतल्या नव्हत्या," ताई म्हणाली आणि बसली. जवळ बसून सचिवांनी पाणी दिलं. त्या हसण्यापेक्षा तिला ते पाणी जड गेलं.

आठवडाभर धाकटा आला नाही. मग आला. जिन्यात बराच वेळ थांबलेला तिला ऐकू येत होता. आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसला. तिने चहा केला, त्याच्यापुढे ठेवला. त्याने ताई, काहीतरी बोल, असं म्हटलं. तिने सगळी खोकी टेबलावर आणून ठेवली. त्याच्या हातून आलेली नाणी ओळखायला तिला खुणेची गरज नव्हती.

तिने एक उचलून त्याच्यापुढे धरलं. "हे?"

"बाजारातलं. खरंच."

तिने ते भिंगाखाली घेतलं, दिवा आडवा केला, कडेपासून कडेपर्यंत पाहिलं. नाणं खरं होतं. तरी तिला हायसं वाटलं नाही. तिने दुसरं उचललं.

"हे?"

"हे तर तुझ्यादेखत घेतलं होतं ग. तूच घासाघीस केलीस."

ताईला ते आठवत होतं. दुकान, ऊन, धाकट्याने धरलेली तिची पिशवी, सगळं. तरी तिने भिंग डोळ्याला लावलं. समोर चहा निवत होता, आणि धाकटा पुढच्या नाण्याची वाट पाहत हात मांडीवर ठेवून बसला होता, शाळेत उत्तर न येणाऱ्या मुलासारखा.

"हे?" ताईने विचारलं.